आयबीएसवर नेमकं काय लागू पडतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हा पोटदुखीचा आणि जुलाब-बद्धकोष्ठाचा जुनाट आजार, होऊन यंदा १६ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात शाळेत शिकवते. पण या १६ वर्षांत गोळ्या, चूर्णं, पथ्यं, काढे, सगळं करून झालं आणि मग एक सवय लागली, की कुणी काही सुचवलं की आधी विचारायचं, हे किती लोकांना देऊन बघितलं, कशाच्या तुलनेत दिलं, आणि फरक किती पडला. खालचे प्रश्न मला नात्यातले, शेजारचे, शाळेतले लोक सतत विचारतात. आपल्याकडे पोटाचं दुखणं मोकळेपणाने कुणी बोलत नाही, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढलं. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतं कशाने?

हा सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बीण टाकून बघितलं तरी नॉर्मल, आणि मग घरचे म्हणायला लागतात की तुझ्या मनाचे खेळ आहेत. तसं नाहीये. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला निरोपांचा व्यवहार बिघडलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढा वायू आपल्याला कळ आणतो. आतड्यात छोटा फुगा फुगवून हे मोजलंय, इंग्लंडमध्ये १९७३ सालीच, तेवढ्याच फुग्याला आयबीएसवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना दुखलं आणि बाकीच्यांपैकी अगदी थोड्यांना. म्हणजे दुखणं खरं आहे. कुणी मनाचे खेळ म्हणालं तर हे सांगा.

बऱ्याच जणांचं हे एखाद्या जोरदार जुलाबानंतर सुरू होतं. कॅनडात वॉकर्टन नावाचं गाव आहे, तिथे मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू गेले, २३०० च्या वर लोक आजारी पडले, ७ जण गेले. दोन-तीन वर्षांनी तपासलं तर ज्यांना तेव्हा जुलाब झाल्याची पक्की वैद्यकीय नोंद होती त्यांच्यातल्या साधारण ३६ टक्के लोकांना आयबीएस होता, आणि ज्यांना काही झालं नव्हतं त्यांच्यात १० टक्के. माझंही असंच, एका लग्नातून आले, आठ दिवस जुलाब, आणि त्यानंतर पोट पूर्वीसारखं कधी झालंच नाही.

माझं आयबीएसच आहे हे कशावरून?

२०१६ पासून डॉक्टर रोम-४ नावाचे निकष लावतात. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून निदान एकदा पोट दुखतं, ते संडासशी जोडलेलं असतं, दुखायला लागल्यापासून किती वेळा होते ते बदललेलं असतं, पातळ-घट्ट कशी होते ते बदललेलं असतं, या तिनांपैकी निदान दोन गोष्टी असतात, आणि हे सगळं सुरू होऊन सहा महिने तरी झालेले असतात. मग प्रकार पडतात: जुलाबाचा, बद्धकोष्ठाचा, आणि आज हे तर उद्या ते असा मिश्र. आपला प्रकार माहीत असणं फार महत्त्वाचं, कारण पुढची निम्मी औषधं त्यावरच ठरतात.

पण पुढचं काही असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसू नका, आधी डॉक्टर गाठा: संडासवाटे रक्त, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, ताप, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागणं, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू होणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो, तो सुरुवातीला अगदी असाच वाटू शकतो. साधारणपणे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, सिलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडं खराब होण्याच्या आजाराची, टीटीजी ही रक्ततपासणी आणि जुलाब असतील तर स्टूलमधलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं) एवढ्यात बरंच कळतं.

आमच्या काकूंना अमुक औषधाने पूर्ण बरं वाटलं. मी घेऊ का?

काकू खोटं बोलत नाहीयेत. पण आयबीएसची गंमत नाही, अडचण अशी आहे की हा आजार आपणहून वर-खाली होतो, आणि माणूस औषधाला जातो तो नेहमी सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही घेतलं तरी थोडं बरं वाटणारच. वर आणखी एक, चाचण्यांमध्ये निव्वळ साखरेची गोळी घेतलेल्यांपैकीही तीस-चाळीस टक्के लोकांना बरं वाटतं. बोस्टनमध्ये २०१० साली तर ८० रुग्णांवर एक वेगळाच प्रयोग झाला, अर्ध्यांना सरळ सांगून रिकामी गोळी दिली की बघा हो यात औषध नाहीये, तरी तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांना बरं वाटलं, आणि गोळी न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना.

म्हणून कुणी म्हणालं की आमच्या औषधाने ६० टक्के लोकांना गुण येतो, तर लगेच विचारा, खोट्या गोळीने किती जणांना आला? या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे खरं औषध. पुढे मी शक्य तिथे दोन्ही आकडे दिलेत, ते शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

इसबगोल खरंच उपयोगी आहे का, की नुसती सवय?

उपयोगी आहे, आणि स्वस्त आहे, आणि पुरावाही बऱ्यापैकी आहे. नेदरलँडमध्ये २७५ रुग्णांना तीन गटांत वाटलं: रोज १० ग्रॅम इसबगोल, १० ग्रॅम गव्हाचा कोंडा, आणि १० ग्रॅम तांदळाचं पीठ, म्हणजे खोटं औषध. हा अभ्यास २००९ साली छापून आला. पहिल्या महिन्यात इसबगोलवाल्यांपैकी ५७ टक्क्यांना बरं वाटलं, पीठवाल्यांपैकी ३५ टक्क्यांना. तीन महिन्यांनी त्रासाच्या मोजपट्टीवर इसबगोलवाले ९० अंकांनी खाली आले होते, कोंडावाले ५८ आणि पीठवाले ४९. कोंड्याच्या गटातले लोक तर सुरुवातीलाच जास्त गळाले, कारण पोट आणखी बिघडलं.

यातून कळतं ते असं की फायबर खा, फायबर खा असं जे सरसकट सांगतात ते अर्धंच खरं आहे. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारं फायबर, म्हणजे इसबगोल, हे आयबीएसला चालतं. खरखरीत कोंडा, कोंडा घातलेली बिस्किटं, वाडगाभर कच्चं सॅलड, याने पुष्कळांचं पोट ढोलासारखं फुगतं.

घ्यायचं कसं, तर मी करते ते सांगते. स्टीलच्या पेल्यात पाणी आधी, मग एक चमचा इसबगोल, ढवळायचं आणि लगेच प्यायचं, त्यावर आणखी अर्धा पेला पाणी. ठेवून दिलं आणि फोन घ्यायला गेलात की पाच मिनिटांत पेल्यात खळ तयार होते, चमचा उभा राहतो, मग ते गिळवत नाही. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात फुगतं, म्हाताऱ्या माणसांना तर कधीच तसं देऊ नका. पहिल्या आठवड्यात एकच चमचा, मग हळूहळू वाढवा, पहिल्या दिवसापासून तीन चमचे घेतलेत तर वायू होईल आणि तुम्ही म्हणाल हे मला सोसत नाही. जुलाबाच्या प्रकारातही चालतं, ते पाणी धरून ठेवतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यात दोनेक तासांचं अंतर ठेवा.

लो फॉडमॅप डाएट म्हणजे काय? आपल्या जेवणात ते जमतं का?

फॉडमॅप म्हणजे काही ठरावीक साखरी, ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, मग त्या पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात जंतू त्यांचा वायू करतात. सगळ्यांच्याच पोटात हे होतं, फक्त आयबीएसवाल्याला ते दुखतं. ही कल्पना मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातली, २००५ च्या आसपासची. तिथेच २०१४ साली छापलेल्या चाचणीत ३० रुग्णांना तीन आठवडे हे जेवण आणि तीन आठवडे नेहमीचं ऑस्ट्रेलियन जेवण दिलं, दोन्ही डबे त्यांनीच पुरवले. शंभरच्या पट्टीवर त्रास नेहमीच्या जेवणावर ४५ आणि या जेवणावर २३. हा फरक मोठा आहे.

पण लगेच उड्या मारू नका. स्वीडनमध्ये २०१५ साली ७५ जणांत याची तुलना साध्या जुन्या सल्ल्याशी केली, म्हणजे वेळेवर जेवा, थोडं-थोडं खा, चावून खा, तेलकट-तिखट, चहा-कॉफी, दारू कमी करा. फॉडमॅपवाल्यांत ५० टक्क्यांना गुण, साध्या सल्ल्यात ४६ टक्क्यांना. म्हणजे आपली आजी सांगायची ते जवळजवळ तितकंच चाललं. मग त्याच स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये २०२४ साली छापलेली मोठी चाचणी आली, सुमारे ३०० लोकांची, चार आठवड्यांची: फॉडमॅप आणि साधा सल्ला एकत्र दिला तर ७६ टक्क्यांना, पिष्ट कमी केलेल्या जेवणाने ७१ टक्क्यांना आणि औषधांनी ५८ टक्क्यांना बरं वाटलं. एकूण काय, जेवणात बदल हा कमी प्रतीचा उपाय नाही, तो पहिल्या रांगेतला उपाय आहे. फक्त खाण्याच्या चाचण्यांत कोण काय खातोय हे लपवता येत नाही, त्यामुळे आकडे थोडे फुगलेले असणार हे धरून चाला.

आता आपल्या स्वयंपाकघरात. गहू, कांदा, लसूण, राजमा, छोले, आंबा, सफरचंद, कलिंगड, फ्लॉवर, मशरूम, दूध, हे जास्त फॉडमॅपवाले. भात, ज्वारीची भाकरी, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, गाजर, काकडी, वांगं, पपई, संत्रं, अंडी, मासे, चिकन, हे चालतात. मुगाची डाळ बेताने चालते, डाळी-कडधान्यं भिजवून ते पाणी ओतून दिलं की त्रास आणखी कमी होतो. केळं जरा कच्चट चांगलं, काळे ठिपके पडलेलं पिकलेलं केळं नको.

लसणाशिवाय फोडणी कशी करायची म्हणून मी दोन महिने रडले होते. मग कळलं की लसणातली ती साखर पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून तेल तापवायचं, पाच-सहा ठेचलेल्या पाकळ्या त्यात गुलाबी होईपर्यंत परतायच्या, आणि मग एकूण एक पाकळी झाऱ्याने काढून टाकायची, नंतर मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. वास पूर्ण येतो, पोट शांत राहतं. आमटी उकळताना लसूण टाकलात आणि नंतर काढलात तर उपयोग नाही, पाण्यात उतरला तो उतरलाच. आणि हे तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, त्यात घातक जंतू वाढू शकतात, रोजच्या रोज करा. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग.

सगळ्यात महत्त्वाचं: हे डाएट जन्मभर करायचं नाही. चार ते सहा आठवडे कडक, फरक नाही पडला तर सोडून द्यायचं. पडला तर एकेक पदार्थ परत आणून बघायचा, तीन-तीन दिवस, हळूहळू प्रमाण वाढवत. मी आणून बघितलं तर माझा वैरी निघाला कांदा, गहू नव्हे, आणि मी चार वर्षं उगाच पोळी सोडून बसले होते. मुलं, गरोदर बायका, आधीच वजन कमी असलेले, आणि खाण्याचीच भीती बसलेले लोक, यांनी डाएटिशियनशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

ग्लूटेन बंद केलं की बरं वाटतं. म्हणजे ग्लूटेनची अॅलर्जी ना?

बहुतेक नाही. गव्हात ग्लूटेन या प्रथिनाबरोबर फ्रुक्टन ही फॉडमॅप साखरही असते, तीच कांद्या-लसणातली. नॉर्वेत ओस्लोच्या संशोधकांनी ग्लूटेन सोसत नाही असं म्हणणाऱ्या, पण सिलिअॅक नसलेल्या ५९ लोकांना तीन प्रकारचे बार न सांगता आलटून-पालटून दिले. त्रास ग्लूटेनच्या बारने नाही, फ्रुक्टनच्या बारने झाला. पण गहू सोडण्याआधी सिलिअॅकची टीटीजी टेस्ट करून घ्या, सोडल्यावर केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

फूड इन्टॉलरन्सचं दोनशे पदार्थांचं रक्ततपासणी पॅकेज करू का?

नको. त्यात आयजीजी नावाचा रक्तातला घटक (अँटीबॉडी) बघतात, आणि तो बहुतेक वेळा तुम्ही काय खाता एवढंच दाखवतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा रिपोर्ट तांदूळ, तूर, दही, हळद सगळं लाल दाखवत होता, ती पोरगी सहा किलोने उतरली. अमेरिकेत अलीकडे आयबीएससाठीच बनवलेल्या एका टेस्टवर बरी चाचणी झालीय, पण ती टेस्ट आणि ही पॅकेजं एक नव्हेत. ते पैसे डाएटिशियनला द्या.

कळ आली की घ्यायच्या गोळ्या?

मेबेव्हरिन, डायसायक्लोमिन, ड्रोटाव्हरिन, हायोसिन, या आतड्याचा पिळा सोडवणाऱ्या गोळ्या. सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर फायदा दिसतो, पण चाचण्या जुन्या, छोट्या आणि कच्च्या आहेत. कळेपुरत्या, किंवा ज्यांना जेवल्या-जेवल्या मुरडा येतो त्यांनी जेवणाआधी, असं डॉक्टर देतात. डायसायक्लोमिन आणि हायोसिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढू शकतं, काचबिंदू असेल तर आधी सांगा.

पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा पुरावा माझ्या मते यांच्यापेक्षा बरा आहे. त्यातलं मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतं. मात्र नेदरलँडच्या २०२० च्या सुमारे १९० लोकांच्या काटेकोर चाचणीत मुख्य कसोटीवर ते उतरलं नाही, दुखणं आणि एकूण त्रास कमी झाला खरा पण ठरवलेल्या पट्टीइतका नाही, हेही सांगायला हवं. कॅप्सूल पोटात न विरघळता आतड्यात विरघळणारी हवी, चावायची नाही, नाहीतर छातीत जळजळ. पुदिन्याचा चहा प्या, छान लागतो, पण चाचण्या त्याच्या नाहीत.

वारंवार जुलाब होतात, त्यासाठी?

लोपरामाइडने धावपळ थांबते, पोटदुखी थांबत नाही. प्रवासाला, परीक्षेला, लग्नाला उत्तम. ऑन्डान्सेट्रॉन, जी उलटीची गोळी आपल्याला माहीत आहे, ती नॉटिंगहॅमच्या २०१४ च्या १२० जणांच्या चाचणीत संडास घट्ट करायला आणि घाई कमी करायला चांगली ठरली, दुखण्यावर फारशी नाही.

रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक. अमेरिका-कॅनडात १२६० लोकांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०११ साली छापल्या, १४ दिवस ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. गुण ४१ टक्क्यांना, खोट्या गोळीने ३२ टक्क्यांना. म्हणजे अकरा जणांनी घेतलं तर एकाला त्या गोळीमुळे बरं वाटलं. बाकीचे जे तीन-चार जण बरे झाले ते तसेही झाले असते. आणि फायदा काही आठवड्यांनी ओसरतो. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने तीन दिवसांची स्ट्रिप आणून खाणं यात काही अर्थ नाही.

आणि बद्धकोष्ठाचा प्रकार असेल तर?

आधी इसबगोल. मग पीईजीची पावडर (पाणी धरून संडास मऊ करणारी), तिने संडास होते पण दुखणं-फुगणं तिथेच राहू शकतं. त्यापुढे लुबिप्रोस्टोन आणि लिनॅक्लोटाइड, यांच्या चाचण्या मोठ्या आहेत, लिनॅक्लोटाइड दुखण्यावरही चालतं, त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास म्हणजे जुलाबच. रोज रात्री कुठलंतरी रेचक चूर्ण मात्र वर्षानुवर्षं घेत राहू नका, त्यात काय आहे ते एकदा डॉक्टरांना वाचून दाखवा.

डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली. मला वेड लागलंय असं त्यांना वाटतं का?

माझ्या आईने हीच चिठ्ठी फाडून टाकली होती. आणि मीही पाच वर्षं त्या गोळीपासून लांब राहिले, नुसत्या नावाला घाबरून.

अॅमिट्रिप्टिलिन हे जुनं औषध, डिप्रेशनला ते बरंच जास्त लागतं, इथे १० मिलिग्रॅमपासून सुरू करून फार तर ३० पर्यंत नेतात. एवढ्या डोसमध्ये ते आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दुखण्याच्या निरोपावर काम करतं आणि आतड्याचा वेग थोडा कमी करतं. इंग्लंडमध्ये लीड्सच्या पुढाकाराने अटलांटिस नावाची चाचणी झाली, २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. मला ती का आवडते तर मोठ्या हॉस्पिटलातली नाही, ५५ साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतली आहे, ४६३ रुग्ण, पूर्ण सहा महिने. बरं वाटलं ६१ टक्क्यांना, खोट्या गोळीवर ४५ टक्क्यांना. आणि सहा महिन्यांच्या आत गोळी सोडणारे अॅमिट्रिप्टिलिनवाल्यांत २० टक्के, खोट्या गोळीवाल्यांत २६ टक्के! म्हणजे तोंड कोरडं पडणं, सकाळी पेंग येणं हे होत असूनही लोकांनी ती गोळी जास्त धरून ठेवली.

जुलाबाच्या प्रकारात जास्त सोयीची, कारण बद्धकोष्ठ करू शकते. संध्याकाळी लवकर घेतली तर सकाळची पेंग कमी. गुण यायला काही आठवडे लागतात. हृदयाचे ठोके अनियमित असतील, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, दुसरी मनाची औषधं चालू असतील तर आधी सांगा. एकदम बंद करायची नाही.

मानसोपचाराने पोट कसं बरं होईल?

तो निरोपांचा व्यवहार आठवा. ब्रिटनच्या एका चाचणीत ५५८ अशा रुग्णांना घेतलं ज्यांच्यावर वर्षभर उपचार करूनही गुण नव्हता. काहींना फोनवरून सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार, काहींना तोच वेबसाइटवरून, काहींना नेहमीचेच उपचार. दोन वर्षांनी ठरवल्याएवढा फरक फोनवाल्यांत ७१ टक्क्यांना, वेबवाल्यांत ६३, नेहमीच्या उपचारात ४६. उपचार थांबल्यावरही टिकलेला फायदा हा, हे गोळ्यांबाबत फार थोड्या ठिकाणी म्हणता येतं. पोटासाठीचं संमोहन मँचेस्टरमध्ये १९८४ साली ३० रुग्णांवर करून दाखवलं होतं, त्यानंतर मोठ्या चाचण्यांतही फायदा दिसलाय. अडचण एवढीच की मराठीतून हे नीट करणारे लोक आपल्याकडे फार कमी आहेत, मोठ्या शहरांच्या बाहेर तर नाहीतच म्हटलं तरी चालेल, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

योगासनं, चालणं?

गोथेनबर्गला १०२ जणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे व्यायाम वाढवायला लावला. त्यांच्यात ४३ टक्क्यांचा त्रास उतरला, बाकीच्यांत २६ टक्क्यांचा. आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा, त्रास वाढला तो व्यायामवाल्यांत ८ टक्क्यांचा, इतरांत २३ टक्क्यांचा. योगावर दिल्लीच्या एम्सचा २००४ चा अभ्यास आहे, आसनं आणि प्राणायाम एकीकडे, लोपरामाइड दुसरीकडे, दोन्ही गटांना फायदा झाला, पण एकूण पुरुष फक्त २२, बाई एकही नाही. जर्मनीत ५९ जणांत योग आणि लो फॉडमॅप यांची तुलना केली तर बारा आठवड्यांनी दोन्ही सारखेच. म्हणजे करायला हरकत काहीच नाही, पण याने मुळापासून आयबीएस जातो असं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

प्रोबायोटिक कोणतं घेऊ?

इथे मोठमोठ्या संघटनांचंच एकमत नाही. अमेरिकेच्या एका संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं घेऊ नका, त्याच वर्षी ब्रिटनच्या संघटनेने सांगितलं बारा आठवडे घेऊन बघा, फरक नाही तर थांबवा. कारण प्रत्येक चाचणीत जंतू वेगळा, डोस वेगळा. माझं मत, पैसे परवडत असतील तर एकच ब्रँड एक-दोन महिने, नाहीतर राहू द्या. दही-ताक सोसत असेल तर जेवण म्हणून खुशाल घ्या, औषध म्हणून नको. दुधाने फुगत असेल तर दोन आठवडे दूध बंद करून बघा, आपल्याकडे मोठ्या माणसांना दुधातली साखर न पचणं अगदी नेहमीचं आहे.

आयुर्वेदात ग्रहणी म्हणतात त्यावर बेल, कुटजारिष्ट देतात. पुरावा आहे का?

बेलावर आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे, म्हणून नीट सांगते. वाराणसीला १६९ रुग्णांवर चाचणी झाली, १९८९ साली छापली. एका गटाला बेल आणि ब्राह्मी, एकाला तेव्हाची नेहमीची औषधं, ज्यात इसबगोलही होतं, आणि एकाला खोटं औषध. सहा आठवड्यांनी बेल-ब्राह्मीने ६५ टक्क्यांना गुण, नेहमीच्या औषधांनी ७८, खोट्या औषधाने ३३. जुलाबाच्या प्रकारात बेलाचा उपयोग जास्त दिसला. पण सहा महिन्यांनंतर बघितलं तर त्रास परत येणं दोन्ही औषधांनी थांबलं नव्हतं. माझ्या मनात हा अभ्यास घर करून आहे, इतका चांगला घाट घातलेली चाचणी ३५ वर्षांपूर्वी आपल्याकडे झाली आणि पुढे तिला मोठं कुणी केलं नाही. कुटजाचा पुरावा यापेक्षा बराच तोकडा आहे. घेत असाल तर वैद्यांकडून, आणि काय घेता ते दोन्ही डॉक्टरांना सांगून.

नवीन औषध आलं की लगेच सुरू करावं का?

टेगासेरॉडचं उदाहरण सांगते. बद्धकोष्ठाच्या आयबीएससाठी गाजलेलं औषध, हृदयविकाराच्या शंकेने अमेरिकेत २००७ साली बाजारातून काढलं, भारतात २०११ साली बंदी आली. अॅलोसेट्रॉन तर २००० साली आलं आणि त्याच वर्षी मागे घेतलं, आतड्याचा रक्तपुरवठा बिघडल्याच्या घटना झाल्या म्हणून, पुढे २००२ मध्ये कडक अटींवर परत आलं. आयबीएसने माणूस मरत नाही, म्हणून औषधाचा धोकाही तितकाच कमी असायला हवा. जुनं, स्वस्त, माहितीतलं औषध आधी.

मग सुरुवात कुठून करू?

एका वेळी एकच गोष्ट. आम्ही पेशंट काय करतो, इसबगोल, प्रोबायोटिक, ग्लूटेन बंद आणि योगा सगळं एका सोमवारी सुरू करतो, आणि मग बरं वाटलं तर कशाने ते कळत नाही आणि नाही वाटलं तर सगळंच फेकून देतो. एक साधी वही घ्या. रोज रात्री चार गोष्टी: दुखणं दहापैकी किती, संडास किती वेळा, कशी झाली, आणि वेगळं काय खाल्लं किंवा काय ताण झाला. कशी झाली हे लिहायला ब्रिस्टल चार्टचे एक ते सात आकडे वापरा, एक म्हणजे लेंड्या, सात म्हणजे पाणी, शब्द लिहायची लाज वाटत नाही. औषध सुरू करायच्या आधी दोन आठवडे नुसतं लिहा. मग उपाय सुरू करताना पानावर थांबायची तारीखही लिहा, इसबगोलला चार-सहा आठवडे, अॅमिट्रिप्टिलिनला तीन महिने. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी, त्या दिवसांत बऱ्याच जणींचं पोट आणखी बिघडतं.

पूर्ण बरं होतं का?

काहींचं आपोआप शांत होतं, पुष्कळांचं येत-जात राहतं. आयबीएसचा पुढे कॅन्सर होत नाही. माझं गेल्या तीन वर्षांत आठवड्यातले पाच दिवस बरे जातात, पूर्वी दोन जायचे.

एसटीचा प्रवास असेल तर काय करता?

सातारा-स्वारगेट मी कित्येक वर्षं टाळलं होतं, भाचीच्या बारशालाही गेले नाही. आता आदल्या रात्री कांदा नाही, सकाळी भाताची पेज, निघायच्या आधी तासभर डॉक्टरांनी सांगितलेली एक लोपरामाइड, आणि पुढची, दाराजवळची सीट. पर्समध्ये टिश्यू, पाण्याची बाटली, जादा कपडे. कंडक्टरला चढतानाच सांगते, भाऊ, पोटाचा आजार आहे, लागलंच तर दोन मिनिटं गाडी थांबवाल का? आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.